पुन्हां हातीं येणारी बासरी

आज मी आपल्याशीं बासरीविषयीं बोलणार आहें. मैफिलींत वाजणारी बासरी हा माझा विषय नाहीं. कापडांत गुंडाळून कोणाच्या तरी हातीं द्यावयाची बासरी हा आहे. ज्यानें एकेकाळीं बासरी वाजविली, पुढें कांहीं कारणानें ती खालीं ठेवली, आणि आतां पुष्कळ वर्षांनीं जो तिच्याकडे वळण्याचा संभव आहे, अशा माणसास बासरी भेट द्यावयाची झाल्यास ती कशी निवडावी? प्रश्न लहान दिसतो. परंतु तो तितका लहान नाहीं, हें मला एकदां स्वतःच्या चुकीनें आणि एकदां दुसऱ्याच्या दुःखानें शिकावें लागलें.

प्रथम चुकीची गोष्ट सांगतों. नांदेडास माझे एक स्नेही आहेत. कॉलेजांत असतांना ते बासरी चांगली वाजवीत. पुढें नोकरी, बदल्या, संसार, मुलांचीं शिक्षणें यांत वीस-बावीस वर्षें निघून गेलीं. त्यांच्या पन्नाशीच्या समारंभास मी मुंबईहून एक लांबलचक, रेशमी दोऱ्यांनीं बांधलेली, सुरेख बासरी घेऊन गेलों. त्यांनीं ती चार माणसांदेखत हातीं घेतली. सर्वांनीं आग्रह केला. त्यांनीं फुंकर घातली, तों नुसती हवा निघाली. दुसऱ्या फुंकरीस एक चिरका आवाज आला. उजव्या हाताचीं बोटें शेवटच्या छिद्रापर्यंत नीट पोंचेनात. ते हसले, आम्हीहि हसलों. आज ती बासरी त्यांच्या दिवाणखान्यांत भिंतीवर टांगलेली आहे, आणि वहिनी दर दिवाळीस तिच्यावरची धूळ पुसतात. त्यांनीं मला कधीं बोल लावला नाहीं. परंतु “केव्हां तरी पुन्हां वाजवीन” अशी जी एक आशा त्यांनीं वीस वर्षें मनांत जपून ठेविली होती, ती मीं त्या संध्याकाळीं चारचौघांत मोडली, ही टोंचणी मला अद्याप आहे.

म्हणून २०२४ सालच्या वैशाखांत माझी भाची नांदेडहून लातुरास आली, आणि बासरीचा विषय तिनें काढला, तेव्हां मी जरा सावध झालों. ती म्हणाली, “मामा, अण्णा ह्या महिन्याअखेर निवृत्त होणार. लहानपणीं आजोळच्या लोकांकडून ऐकलें आहे, कीं अण्णा पूर्वीं बासरी वाजवीत. आम्हां भावंडांच्या मनांत त्यांना बासरी द्यावी असें आहे. सगळ्यांत चांगली कोणती तेवढें सांगा. पैशाकडे पाहूं नका.”

मीं तिला विचारलें, “बाळ, तूं त्यांना वाजवितांना कधीं ऐकलें आहेस का?”

ती म्हणाली, “नाहीं. मी जन्मल्यापासून आमच्या घरांत बासरी नाहीं.”

माझे दाजी शाळामास्तर. त्यांचें मूळ घर किल्लारीच्या परिसरांतल्या एका गांवीं होतें. हें ऐकतांच आपल्यापैकीं पुष्कळांच्या ध्यानांत पुढची गोष्ट आलीच असेल. दिनांक ३० सप्टेंबर १९९३ रोजीं, गणेशविसर्जनाची रात्र संपतां संपतां, पहाटे चारच्या सुमारास धरणी हलली आणि लातूर व उस्मानाबाद ह्या जिल्ह्यांतलीं गांवेंच्या गांवें दगडमातीच्या ढिगाऱ्याखालीं गेलीं. मातींत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवर मातीचें जड माळवद, हें आपल्याकडील घरांचें वैभव. उन्हाळ्यांत तीं घरें थंड राहत. त्या पहाटे तीच थंडगार छपरें निजलेल्या माणसांवर कोसळलीं, आणि सुमारें दहा हजार माणसें दगावलीं. दाजी त्या रात्रीं लातुरास होते, म्हणून वांचले. घरीं त्यांचे वडील होते. त्या वडिलांनींच मुलास हैदराबादेहून बासरी आणून दिली होती, आणि गांवच्या भजनांत ते स्वतः मुलाच्या शेजारीं टाळ घेऊन बसत. वडील गेले, घर गेलें, आणि त्या घरांतली ती बासरीहि गेली. त्यानंतर दाजींनीं बासरीचें नांव काढलें नाहीं, आणि आम्हीं कोणी तें काढूं दिलें नाहीं.

भाचीस ह्यांतली बासरीची गोष्ट ठाऊक नव्हती. मीं ती तिला सांगितली. ती बराच वेळ गप्प बसली, मग म्हणाली, “मग नकोच देऊं या का?”

हा खरा प्रश्न होता, आणि त्याचें उत्तर मजपाशीं नव्हतें. मीं अक्काला फोन केला. अक्का म्हणाली, “तें काय मला विचारतोस? रेडिओवर बासरी लागली, कीं हे उठून जात नाहींत. वर्तमानपत्र हातांत असतें, आणि त्याच्या कांठावर बोटें हलत असतात. त्यांना वाटतें मला दिसत नाहीं.” मग थोडी थांबून म्हणाली, “पण तसलीच बासरी आणूं नकोस.”

श्रोतेहो, बासरीच्या निवडीसंबंधानें ह्याहून शहाणा सल्ला मला कोणी दिलेला नाहीं. ‘तसलीच नको’ ह्या दोन शब्दांचा अर्थ आतां मी आपणांस उलगडून सांगतों.

नवशिका आणि परत येणारा, ह्या दोघांत मोठें अंतर आहे. नवशिक्याच्या बोटांइतकाच त्याचा कानहि कच्चा असतो. आपला बेसूर त्यास फारसा बोंचत नाहीं. परत येणाऱ्याचीं बोटें आंखडलेलीं असतात, श्वास तोकडा झालेला असतो, ओठांची ठेवण विसरलेली असते. पण कान मात्र पूर्वीं होता तितकाच, किंबहुना वयानें अधिकच, तिखट झालेला असतो. आपण काय वाजवीत होतों हें त्याला आठवतें, आणि आतां काय निघत आहे हें त्याला ऐकूं येतें. ह्या दोहोंमधलें अंतर सोसण्याची पाळी त्याच्यावर येते. म्हणून त्याला द्यावयाची बासरी ही पहिल्या पंधरा दिवसांत त्याचा अपमान न करणारी असली पाहिजे. ती मानी नसावी; सोशीक असावी.

ह्या परतण्यांत हीनपणा मात्र कांहीं नाहीं. पंडित हरिप्रसाद चौरसिया यांचें उदाहरण प्रसिद्ध आहे. १९५७ सालीं ते कटकच्या आकाशवाणीवर रुजू झाले. पुढें मुंबईस आले आणि नांवारूपास चढले. असे असूनहि अन्नपूर्णादेवींकडे शिकावयास गेल्यावर त्यांनीं बासरी उजव्या बाजूस धरण्याची आपली संवय मोडून ती डाव्या बाजूस धरली आणि पहिल्या फुंकरीपासून आरंभ केला. नांव झालेल्या वादकानें बोटें नव्यानें वळवावयाचीं, ही सोपी गोष्ट नव्हे. ज्यांनीं वादन सोडून तीस वर्षें झालीं, त्यांनीं मग लाजण्याचें कारण काय?

आतां मापाकडे येऊं. बासरी म्हटली, कीं आपण तिची लांबी पाहतों. आपल्या पूर्वजांची दृष्टि निराळी होती. तेराव्या शतकांत देवगिरीच्या यादवांच्या पदरीं शार्ङ्गदेव नांवाचा पंडित होता. त्याचा ‘संगीतरत्नाकर’ हा ग्रंथ साऱ्या भारतवर्षांत मान्य झाला. देवगिरी म्हणजे आजचें दौलताबाद, आपल्या मराठवाड्यांतलेंच. ह्या ग्रंथांत बासऱ्यांचे प्रकार सांगितले आहेत, ते फुंकरीचें छिद्र आणि त्याच्या जवळचें स्वरछिद्र यांमधील अंतर अंगुळांनीं मोजून. एका अंगुळाची ती एकवीर, दोहोंची ती उमापति, तिहींची ती त्रिपुरुष, अशीं त्यांचीं नांवें आहेत. अंगुळ म्हणजे बोटाची रुंदी. बासरीचें माप माणसाच्या हातानें घ्यावयाचें, ही गोष्ट आपल्याच मुलुखांत सातशें-आठशें वर्षांपूर्वीं लिहून ठेवलेली आहे. ती विसरून मीं माझ्या स्नेह्यांना बासरी दिली, आणि ती भिंतीवर गेली.

आज मैफिलींत दिसणारी लांब बासरी ही मात्र फार जुनी नाहीं. ती पन्नालाल घोष यांची देणगी होय. १९११ सालीं पूर्व बंगालांतील बारिसाल येथें त्यांचा जन्म झाला, आणि १९६० सालीं ते दिल्लीस निवर्तले. त्यांच्यापूर्वीं बासरी हें बहुधा लोकसंगीताचें व भजनाचें वाद्य समजलें जाई. ख्यालाचा विलंबित विस्तार तिच्यावर मांडावयाचा, तर आवाज खर्जांत उतरला पाहिजे, म्हणून त्यांनीं निरनिराळे पदार्थ व निरनिराळ्या लांब्या वापरून पाहिल्या आणि शेवटीं सुमारें बत्तीस इंचांची बांबूचीच बासरी पत्करली. मंद्रांतला तीव्र मध्यम मिळावा म्हणून त्यांनीं सातवें छिद्रहि पाडलें. मुंबईंत त्यांचे शिष्य देवेंद्र मुर्डेश्वर यांनीं ती परंपरा पुढें नेली. ह्या बासरीचा नाद भरदार, गंभीर असतो, आणि म्हणूनच भेट देणाऱ्याचें मन प्रथम तिच्यावर जातें.

परंतु लांबीबरोबर काय येतें तें पाहा. नळी जितकी लांब तितका तिचा स्वर खालचा, आणि छिद्रेंहि तितकीं मोठीं व दूरदूर. ‘पांढरी तीन’ हा षड्ज असलेली मोठी बासरी सुमारें तीस इंचांची असते. तिचीं छिद्रें बोटांच्या टोंकांनीं झांकत नाहींत. बोटें सरळ आडवीं ठेवून मधल्या पेरांनीं झांकावीं लागतात. तिला श्वासहि दांडगा लागतो. ‘पांढरी पांच’ची मध्यम बासरी सुमारें पंचवीस इंचांची, तिच्यावर हात मोकळा बसतो. त्याहून वरच्या ‘पांढरी एक’ची लहान बासरी अठरा इंचांच्या आंतबाहेर असते, ती भावगीतास गोड, पण तिचीं छिद्रें जवळजवळ असल्यामुळें मोठ्या माणसाच्या बोटांची तेथें दाटी होते, आणि तारसप्तकांत ती कानठळ्या बसविते. म्हणून परत येणाऱ्या प्रौढ वादकास मध्यम बासरी द्यावी. पूर्वीं तो तीस इंची वाजवीत असला, तरीहि मध्यमच द्यावी. सहा महिन्यांनीं त्याचा हात मोकळा झाला, तर मोठी तो स्वतःच मागेल. आणि ती मागण्याचा आनंद आपण त्याच्यापासून हिरावून घेऊं नये.

अक्काच्या सल्ल्याचा दुसरा अर्थ ह्याहून नाजूक आहे. दाजींची हरवलेली बासरी मोठी, ‘पांढरी तीन’ची होती. त्याच स्वराची बासरी पुन्हां हातीं दिली असती, तर प्रत्येक फुंकरीस त्यांनीं ती जुनीच ऐकली असती. वडिलांनीं आणलेल्या वस्तूची जागा घेणारी दुसरी वस्तु आम्हीं आणूं शकत नव्हतों, आणि तसा आव आणणें हें बरें नव्हतें. निराळ्या स्वराची बासरी ही निराळी वस्तु असते. तिला जुन्या बासरीशीं स्पर्धा करावी लागत नाहीं.

मोजमाप ठरलें, आतां बांबूची परीक्षा. आपल्याकडे किनवट-माहूरच्या रानांत बांबू आहे, आणि औसा तालुक्यांत लोदगा येथें अलीकडे त्याच्या लागवडीचा मोठा प्रयत्न चालला आहे. परंतु कोरड्या रानांतला मानवेल जाड भिंतीचा, कित्येकदां जवळजवळ भरीवच असतो. काठी आणि शिडी यांस तो उत्तम. बासरीस त्याचा उपयोग नाहीं. बासरीस पातळ भिंतीचें, सरळ आणि दोन गांठींमधलें लांब कांडें लागतें, आणि तसा बांबू आसामांत, विशेषतः सिलचरच्या बाजूस होतो. तेथील बांबू उत्तर प्रदेशांत पिलीभीत शहरीं जातो. त्या शहरांत पिढ्यान् पिढ्या बासऱ्या करणारे कारागीर आहेत. आपल्याकडील दुकानांत दिसणारी बासरी पुष्कळदां हा सारा प्रवास करून आलेली असते. ओल्या हवेंत वाढलेला तो बांबू आपल्या चैत्र-वैशाखाच्या कोरड्या झळांत आला, कीं आकसतो आणि तडकतो. बासरीवर जागोजाग दोरा बांधलेला असतो तो केवळ शोभेसाठीं नाहीं. बांबू फुटूं नये म्हणून ती आवळण असते. म्हणून दोरा घट्ट आहे कीं नाहीं तें नखानें पाहावें. भेटीबरोबर जाड सुती कापडाची पिशवी द्यावी. बासरी उन्हांत, खिडकींत किंवा मोटारींत ठेवूं नये. दोन-तीन महिन्यांनीं तिला आंतून-बाहेरून मोहरीच्या किंवा बदामाच्या तेलाचा हलका हात द्यावा. आपल्या घरांत करडईचें तेल असतें, म्हणून कोणी तें लावील. तर तें लावूं नये, कारण तें हवेनें वाळून चिकट होतें.

आतां खरेदीस निघालेल्या, पण स्वतः न वाजविणाऱ्या माणसानें काय पाहावें तें सांगतों. माळेगांवच्या खंडोबाच्या यात्रेंत किंवा लातूरच्या गंजगोलाईंत मुलांसाठीं ज्या रंगीत बासऱ्या मिळतात, त्यांतल्या पुष्कळशा शिटीप्रमाणें टोंक तोंडांत धरून वाजवावयाच्या असतात. त्या मुलांना अवश्य घ्याव्या. पण आपल्याला आडवी, ओठांवर टेंकून फुंकण्याची बासरी पाहिजे. देगलूर-उदगीरकडील मंडळी बिदर-हैदराबादेस खरेदीस जातात. तेथें कर्नाटक पद्धतीची वेणु मिळते. ती आंखूड, जाड भिंतीची आणि आठ स्वरछिद्रांची असते. वाद्य म्हणून ती उत्तम. पण हिंदुस्थानी पद्धतीनें वाजविलेल्या बोटांस तिचा हिशेब निराळा पडतो. म्हणून छिद्रें मोजावीं. फुंकरीचें एक सोडून सहा असावींत, आणि पूर्वीं संवय असेल तर सातवें.

बासरी उजेडाकडे धरून नळींतून पाहावें; आंत धसकटें नसावींत. किडीचीं बारीक भोंकें किंवा केसाएवढी चीर कोठें आहे काय, तें बोट फिरवून पाहावें. छिद्रांच्या कडा गुळगुळीत असाव्या, नाहीं तर मींड घेतांना बोट अडतें. पाश्चात्य बासरीस चाव्या असतात. जर्मन कारागीर बोएम यानें १८४७ सालीं धातूची नळी व चाव्यांची जी रचना सिद्ध केली, तीच आज तिकडे चालते. आपल्या बासरीस चावी नाहीं. छिद्र अर्धें, पाव उघडून स्वरामधून स्वर काढावयाचा असतो. बोटाची कातडी आणि बांबूची कड यांच्यामध्येंच आपलें सारें संगीत घडतें, म्हणून ती कड महत्त्वाची.

मग कोणी जाणकार बरोबर घ्यावा आणि त्यास वाजवावयास सांगावें. तंबोऱ्याचा नाद आतां खिशांतल्या फोनवरहि मिळतो. वरचीं तीन छिद्रें झांकलीं कीं षड्ज. साहीं झांकलीं कीं खालचा पंचम. हे दोन स्वर तंबोऱ्याशीं मिळाले पाहिजेत. मग तींच तीन छिद्रें झांकून जोरानें फुंकलें असतां वरचा षड्ज निघतो. तो खालच्याशीं नेमका जुळतो कीं नाहीं तें ऐकावें. न जुळल्यास आंतला बुचाचा खुंट बहुधा जागेवर नसतो. आणखी एक गोष्ट. हवा तापली, कीं तिच्यांत नादाचा वेग वाढतो आणि बासरीचा स्वर चढतो. थंडींत तो उतरतो. वैशाखांतल्या भर दुपारीं चढी वाटणारी बासरी मार्गशीर्षांतल्या पहाटे तशी वाटणार नाहीं. म्हणून पारख सकाळीं करावी, आणि पेटीशीं तंतोतंत जुळण्यापेक्षां बासरीचे स्वर एकमेकांशीं जुळतात कीं नाहीं, ह्याकडे अधिक लक्ष द्यावें.

ह्या साऱ्या परीक्षा करून आम्हीं मामा-भाचींनीं एक ‘पांढरी पांच’ची बासरी निवडली. तिच्यावर रेशीम नव्हतें, नक्षी नव्हती. साधा काळा दोरा होता. भाचीच्या मनांत समारंभांत ती द्यावयाची होती. मीं माझ्या स्नेह्यांची गोष्ट सांगितली आणि म्हणालों, “चारचौघांत देऊं नकोस. वाजवून दाखवा असें तर मुळींच म्हणूं नकोस.” निवृत्तीच्या दिवशीं शाल, नारळ, भाषणें, सारें यथास्थित झालें. बासरी दुसऱ्या दिवशीं सकाळीं तिनें त्यांच्या वर्तमानपत्रांच्या मेजावर पिशवीसकट ठेवली, आणि इतकेंच सांगितलें, “अण्णा, मामांकडून आणली आहे. तुमच्यासाठीं आहे.”

त्या दिवशीं त्यांनीं ती उघडली नाहीं. दुसऱ्या दिवशींहि नाहीं. आठवडा गेला. भाचीनें मला फोनवर विचारलें, “मामा, चुकलें का आमचें?” मला उत्तर देतां येईना. खरें सांगावयाचें, तर तो सारा जून महिना मला सुखाचा गेला नाहीं. एका माणसाच्या जखमेवर आपण हात ठेवला, आणि तो हात आतां काढूनहि घेतां येत नाहीं, असें मला होऊन गेलें.

पुढें पावसाची झड लागली. नांदेडास गोदावरी भरून वाहूं लागली होती. एके रात्रीं वीज गेलेली असतांना अक्काला माजघरांतून फुंकरीचा आवाज आला. नुसती हवा, मग पुन्हां हवा, मग एक स्वर. ती उठली नाहीं. अंथरुणावर तशीच पडून राहिली. एकच स्वर बराच वेळ चालला होता. मधून मधून तुटे, आणि पुन्हां लागे. वीज आली तेव्हां तो थांबला. हें असें पांच-सहा रात्रीं चाललें, आणि घरांतल्या कोणीं त्याविषयीं एक अक्षर काढलें नाहीं.

मग एके दिवशीं दाजींचा मला फोन आला. एरवीं ते मला क्वचित् फोन करतात. मी मनांतून घाबरलों. कुशल विचारून झाल्यावर ते म्हणाले, “बासरी तुम्हीं निवडलीत म्हणे.”

मी म्हणालों, “हो, दाजी.”

“धैवत उतरला आहे तिचा.”

मी गप्पच राहिलों. मीं ती बासरी सकाळच्या वेळीं तंबोऱ्यावर दोनदां तपासली होती. मला तो फरक कळला नव्हता. तेच पुढें म्हणाले, “फार नाहीं, जरासाच. खालचें सहावें छिद्र किंचित् मोठें करावें लागेल. बारीक पॉलिश कागद गुंडाळून मीच करीन म्हणतों. तुमची हरकत नाहीं ना?”

माझी हरकत कशाची असणार? एकतीस वर्षें बासरीस न शिवलेल्या माणसाच्या कानानें माझी चूक पकडली होती, आणि ती दुरुस्त करावयास तो स्वतः निघाला होता. इतका आनंद मला कोणत्याहि स्तुतीनें झाला नसता. पुढें त्या मार्गशीर्षांत मी नांदेडास गेलों. आम्ही दोघे गच्चीवर बसलों होतों. त्यांनीं आपण होऊन बासरी काढली आणि गांवच्या भजनांतली एक साधी चाल धरली. श्वास दोनदां अपुरा पडला. ते थांबले, हसले आणि तेथूनच पुन्हां उचलली. धैवत आतां बरोबर होता. चाल संपल्यावर ते म्हणाले, “हिला वडिलांनीं कधीं ऐकलें नाहीं. पण ह्या चालीवर त्यांचा टाळ कसा पडायचा, तें मला अजून ऐकूं येतें.” एकतीस वर्षांत मीं त्यांच्या तोंडून वडिलांविषयीं ऐकलेलें हें पहिलें वाक्य.

श्रोतेहो, आपल्यापैकीं कोणाच्या घरींहि असें एखादें माणूस असेल. कोणी पेटी सोडली असेल, कोणी तबला, कोणी गाणें. त्यांच्यासाठीं दुकानांत जाण्यापूर्वीं आपण त्यांच्या बोटांकडे पाहा. वर्तमानपत्राच्या कांठावर तीं हलतात कां, तें पाहा. घरांतल्या वडील बाईस विचारा. तिला बहुधा सारें ठाऊक असतें. वस्तु घ्याल ती हाताला बसणारी आणि सोशीक घ्या. ती एकांतांत द्या. आणि दिल्यानंतर तिची चौकशी करूं नका. पाऊस लागेपर्यंत थांबावें लागलें, तर थांबा.